पत्रेवाल्याला निळं का येत नाही?

"आलं! निळं आलं!"

ओळीतल्या कुणीतरी आरोळी ठोकली, आणि कारागीर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या दुकानासमोर उभी असलेली शंभर-सव्वाशे माणसं टाचा उंच करकरून आत पाहू लागली. मागच्यांना काहीच दिसत नव्हतं, पण हात मात्र त्यांचेच आधी जोडले गेले.

आत लाकडी चौरंगावर निळेबाबा बसले होते. त्यांच्यासमोर लाँड्रीवाल्या मावशी उजव्या हाताचं बोट पुढे करून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. शर्टाच्या कॉलरमधली टाचणी काढताना बोटाला ओरखडा गेला होता. एरवी मावशींनी ते बोट तोंडात धरून चोखलं असतं आणि पुढचा शर्ट इस्त्रीला घेतला असता. पण गेले पाच आठवडे गल्लीत कुणाचा साधा ओरखडाही साधा राहिला नव्हता.

बाबांनी पुढ्यातल्या पत्र्याच्या डब्यात अंगठा बुडवला, तांबड्या मातीचा गोळा उचलला आणि मावशींच्या बोटावर दाबला. ओठ हलले. आणि सगळ्यांच्या देखत त्या मातीच्या कडेने, बोटाच्या कातडीवर, गडद निळा-काळा रंग पसरत गेला.

"पाहा!" बाबा गरजले. "हे विष! सात पिढ्यांचं साठलेलं विष! डॉक्टर काय करतात? वरून पट्टी बांधतात. म्हणजे चोर घरात, आणि बाहेरून कुलूप! मी दार उघडतो. विष आपल्या पायांनी चालत बाहेर येतं. त्याला सांग, जा म्हणावं."

"जा," मावशी पुटपुटल्या.

"ठणकावून सांग! इस्त्रीचं गिऱ्हाईक आहे का ते?"

"जा मेल्या!" मावशी ओरडल्या. चेल्याने लगेच मंतरलेलं पाणी बोटावर ओतलं. मावशी कळवळल्या, "आई गं! झोंबतंय हो!"

"तू नाही ओरडत आहेस, माई. विष ओरडतंय," बाबा मायेने म्हणाले.

आणि काय सांगावं, दोन क्षणांत निळा रंग नाहीसा! बोट पूर्वीसारखं स्वच्छ झालं. बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

पुढचा नंबर पत्रेवाल्याचा होता. डबे, नळकांडी, पाण्याच्या टाक्या बनवणारा हा माणूस. त्याच्या हातांवर ओरखड्यांचा नकाशाच काढलेला असायचा. त्याने दोन्ही हात पुढे केले. बाबांनी माती लावली. सगळ्यांनी श्वास रोखला. माती तांबडी ती तांबडीच. निळ्याचा ठिपकाही नाही.

"याचं विष घट्ट आहे," बाबांनी मान हलवली. "आचरणात खोट आहे. बायकोशी भांडतोस?"

"कोण भांडत नाही बाबा?"

"तेच ते. उलट उत्तर! ये उद्या परत. आणि सेवा वाढव."

गर्दीने च् च् केलं. पत्रेवाला मान खाली घालून बाहेर पडला. सेवा म्हणून त्याने बाबांना आतापर्यंत अकरा डबे फुकट करून दिले होते. बाबा पैशाला हात लावत नसत, ही त्यांची कीर्ती. लाँड्रीवाल्या मावशी त्यांचे कपडे धूत, पाववाला रोज सकाळी ताजे पाव पोचवत असे, सुतार चौरंग ठोकून देत असे. पैशाला हात लावायची वेळच कशाला येते?

गर्दीच्या मागे वहिनी उभ्या होत्या. कोपऱ्यापासून तिसरं दुकान बाइंडरचं. शाळेची पुस्तकं आणि कचेऱ्यांच्या जाड वह्या तिथे बांधल्या जात. वहिनी म्हणजे त्या बाइंडरची बायको. मैद्याची खळ शिजवणं, पुठ्ठ्यांवर कापड चिकटवणं, छापील कागदांच्या घड्या घालणं ही त्यांची कामं. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांचं शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. कुणी काही ठासून सांगितलं, की आपल्यालाच कमी कळतं असं त्या धरून चालत. निळं येताना त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. आश्चर्यही वाटलं होतं. पण एक प्रश्न मात्र कुसळासारखा टोचत असे. पत्रेवाला वाईट माणूस नव्हता. मग त्यालाच का येत नाही? हा प्रश्न त्या कुणाला विचारत मात्र नसत. आपल्याला काय कळतंय!

बाबांचा एक दंडक होता. त्यांच्याकडे येणाऱ्याने औषधाला शिवायचं नाही. शिवलं, की दार बंद. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक कारखान्यातली प्रथमोपचाराची पेटी एकाच आठवड्यात कचऱ्याच्या पिंपात रिकामी झाली. फार मोठा त्याग झाला असं मात्र नाही. या पेट्या तशाही तपासणीच्या दिवशीच उघडत. बाइंडरच्या पेटीतली जंतुनाशक जेलची ट्यूब तर झाकणाच्या सीलसकट जशीच्या तशी होती. बाइंडरने पेटी उलटी केली तेव्हा वहिनींनी ती ट्यूब उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. त्यात विज्ञान वगैरे काही नव्हतं. न वापरलेली वस्तू फेकणं त्यांच्या जिवावर आलं, इतकंच.

याच पाचव्या आठवड्यात बाइंडरचा हात कापला.

कागद कापायच्या यंत्राचं पातं बदलताना ते निसटलं आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळहातात, बोटाच्या पेराएवढं खोल घुसलं. रक्ताची धार लागली. वहिनींनी धुतलेलं कापड घट्ट दाबलं आणि म्हणाल्या, "चला, दवाखान्यात."

"वेड लागलंय का?" बाइंडर पांढराफटक पडला होता, पण आवाज चढा. "समोर बाबा बसलेत, आणि दवाखान्यात?"

बाबांनी माती लावली. आणि काय निळं आलं! नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंतचा हात, सगळं काळंनिळं. पूर्ण गल्लीत एवढं निळं आजवर कुणालाच आलं नव्हतं.

"पुण्यवान माणूस!" बाबा उभे राहिले. "एका फटक्यात सगळं बाहेर! याला आता कशाची गरज नाही. ना टाका, ना सुई."

बाइंडर छाती काढून घरी आला. दुसऱ्या दिवशी हात सुजला. तिसऱ्या दिवशी अंगठा वळेना. चौथ्या दिवशी दुपारी अंगात ताप भरला, आणि मनगटापासून वर एक लाल रेघ निघालेली वहिनींना दिसली. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि रेघ जिथे संपत होती तिथे कातडीवर खूण केली. पुठ्ठ्यावर माप घ्यावं तशी.

"हे काय करतेस?"

"बघते, पुढे सरकते का."

"बाबा म्हणालेत, विष निघून गेलं की जागा थोडी सुजतेच. रिकामी झालेली जागा फुगते."

"रिकामी पिशवी फुगलेली मी तरी पाहिली नाही," वहिनी म्हणाल्या. "अहो, ऐका माझं. डॉक्टरीणबाईंना नुसतं दाखवून येऊ."

"नाही!" बाइंडरने आजारी हात छातीशी धरला. मग आवाज खाली आला. "माझे वडील गेले होते दवाखान्यात. पाची बोटं घेऊन गेले, तीन घेऊन आले. हा हात गेला तर मी काय करू गं? डाव्या हाताने पुस्तक शिवता येत नाही."

हट्ट असता तर वहिनींना भांडता आलं असतं. ही भीती होती.

त्या मुकाट्याने दुकानात येऊन कामाला बसल्या. शाळेच्या पुस्तकांची कव्हरं चढवायची होती. मन कामावर नव्हतं, त्यामुळे कागदाच्या कडेने डाव्या हाताची तर्जनी चिरली. कागदाची चीर ती, दिसायला केसाएवढी, पण आग मिरचीची. बोटातून रक्त येऊ लागलं. पांढऱ्या कव्हरावर रक्ताचा डाग पडला, की कव्हर वाया. वहिनींचा हात आपसूक खिशात गेला. ट्यूब निघाली. त्यांनी ती फोडली, बोट नळाखाली धरून धुतलं आणि थोडं जेल लावलं. रंग तांबूस-तपकिरी. वास दवाखान्याचा. मग डाव्या हाताने खळीचं भांडं पुढे ओढताना ते बोट खळीत बुडालं.

खळीत निळी-काळी रेघ उमटली.

वहिनी बघतच राहिल्या. पहिला विचार आला तो असा की, अगं बाई, माझंही विष निघालं! दुसरा विचार आला की, पण बाबा तर इथे नाहीत. मग काही वेळ विचारच आला नाही. नंतर त्यांनी ट्यूबमधला एक ठिपका भांड्याच्या पलीकडच्या कडेला, शुद्ध पांढऱ्या खळीवर सोडला. तिथेही निळं-काळं.

"खळीला कसलं पाप?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "आज सकाळी तर केली."

मग त्यांनी साबणाने स्वच्छ धुतलेल्या मनगटावर जेल लावलं. नुसतं तपकिरी. त्याच मनगटावर खळीचा हात फिरवला आणि पुन्हा जेल लावलं. निळं!

वहिनी स्टुलावर बसल्या. डोक्यात गल्लीतली माणसं एकेक करून समोर येऊन हात दाखवू लागली. निळं कुणाला येतं? आपल्या दुकानातल्या सगळ्यांना. हातांवर खळ वाळलेली असते. लाँड्रीवाल्या मावशींना येतं. दिवसभर कपड्यांना कांजी करतात. पाववाल्याला पहिल्याच दिवशी आलं, पिठात कोपरापर्यंत हात. आणि कुणाला येत नाही? पत्रेवाल्याला. काच कापणाऱ्याला. गॅरेजवाल्याला. त्यांच्या हातांना ग्रीस लागतं, धूळ लागते, पीठ लागत नाही. पाच आठवडे बाबा गल्लीतल्या माणसांचं पाप-पुण्य तोलत होते, आणि तोलत होते ते नुसतं पीठ!

कव्हर चढवायच्या पुस्तकांत सातवीचं विज्ञान होतं. या पानांच्या घड्या वहिनींनीच घातल्या होत्या, शेकड्यांनी. घडी घालताना डोळ्यांखालून गेलेलं काहीतरी आठवत होतं. त्यांनी चार पुस्तकं उलटीपालटी केली आणि पान सापडलं. बटाट्याची फोड, तिच्यावर द्रावणाचा थेंब, आणि खाली ओळ होती, पिष्टमय पदार्थावर आयोडीन टाकले असता निळा-काळा रंग येतो. त्यांनी ट्यूब उजेडात धरली. बारीक अक्षरांत तिथेही तेच लिहिलेलं. आयोडीन.

घरात बाइंडर तापाने फणफणत होता. वहिनींनी त्याच्यासाठी लिंबाचं सरबत करायला घेतलं. लिंबू पिळलं तसं चिरलेलं बोट झोंबलं, आणि नखाशी राहिलेला निळा डाग त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळून गेला. वहिनींना हसूच आलं. विष ओरडलं म्हणे!

त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. भांडं आणून करूनही दाखवलं. बाइंडरने तापलेल्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाला, "हे तुझ्या ट्यूबचं झालं. बाबांच्या मातीत हेच आहे कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. वहिनींनी त्याचा हात उजेडात धरला. लाल रेघ पेन्सिलच्या खुणेपुढे दोन बोटं गेली होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पाच वाजता बाबा बसतील. त्यांचीच माती, त्यांचाच डबा. तुमच्यासमोर आपल्या लाकडी ठोकळ्याला निळं आणून दाखवते. आलं, तर तिथून सरळ दवाखाना. नाही आलं, तर मी जन्मात तोंड उघडणार नाही."

"ठोकळ्याला?"

"हो. त्याला सात पिढ्याही नाहीत आणि बायकोही नाही."

बाइंडरने मान हलवली. इतकी वर्षं संसार करून बायको एवढं सलग बोललेली त्याने पहिल्यांदाच ऐकली असावी.

संध्याकाळी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. वहिनींच्या हातात झाकलेली पिशवी होती. परत फिरावं असं दहादा वाटलं. आपलं चुकलं तर? शंभर माणसांत हसं होईल. मग त्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत आणि एक पाऊल पुढे सरकत.

ओळीत पुढे पत्रेवाला होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, हात द्या जरा." आणि त्याच्या बोटांवरून खळीचा ब्रश फिरवला.

"हे काय वहिनी?"

"काही नाही. पुण्य लावलं."

पत्रेवाला आत गेला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, कंटाळल्यासारखी माती लावली. आणि गर्दीतून किंकाळीच उठली. "पत्रेवाल्याला निळं आलं!"

बाबा क्षणभर स्वतःच चमकले. पण धंद्यात मुरलेला माणूस. लगेच दोन्ही हात वर. "पाहिलंत! पाच आठवड्यांची सेवा फळाला आली! याचं पाप आज फिटलं!"

पत्रेवाला ढसाढसा रडायला लागला. वहिनींना वाईट वाटलं, पण त्या थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता.

"बाबा, त्यांचं पाप मी आत्ता बाहेर ओळीत लावलं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक निघाला. कुणीतरी ओरडलं, "काय म्हणतायत? मोठ्याने बोला!" तेव्हा वहिनींनी पिशवीतून खळीचं भांडं काढून चौरंगावर ठेवलं. शेजारी पुस्तकं दाबायचा लाकडी ठोकळा ठेवला. त्याला खळ फासली. "बाबा, याला अंगठा लावा."

"लाकडाला?" बाबा हसले. "बाई, मी माणसं बरी करतो. सुतारकाम नाही करत."

लोक हसले. वहिनींचे कान तापले. "मग लावायला काय हरकत आहे? विषच नाही, तर निळं येणार नाही."

"चेष्टा करायची जागा आहे का ही? हिला बाहेर काढा!"

चेला पुढे झाला. पण मध्ये पत्रेवाला उभा होता, हाताला निळं आणि डोळ्यांत पाणी. "थांब रे," तो म्हणाला. "लावा की बाबा. मला पाच आठवडे लावलंत, ठोकळ्याला एकदा लावा."

बाबांनी डोळे मिटले. "माझी समाधी लागते आहे."

"लागू दे," लाँड्रीवाल्या मावशी मागून म्हणाल्या. "माती काही समाधीत नाही."

आणि मावशींनी स्वतः डब्यातला मातीचा गोळा उचलून ठोकळ्यावर थापला. सगळ्यांनी मान पुढे केली. मातीच्या कडेने, लाकडावर, गडद निळा-काळा रंग पसरत गेला.

इतकी शांतता झाली, की बाबांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं.

"ठोकळ्यातही विष असू शकतं," ते म्हणाले. "कुठल्या झाडाचा आहे, ते..."

पुढचं हास्याच्या लोटात बुडालं. वहिनींना आता थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला ट्यूबमधलं जेल लावलं, तिथेही निळं. त्यावर पिशवीतलं लिंबू पिळलं, निळं गायब. "हे तुमचं मंतरलेलं पाणी. हे तुमचं विष. आणि हे," त्यांनी ट्यूब वर धरली, "हे तुम्ही आम्हाला पिंपात टाकायला लावलेलं औषध. मातीत कालवून तेच आम्हाला लावत होतात. दुपारीच मी करून बघितलं. खळ, कांजी, पीठ, कशावरही निळं येतं. मावशी, तुमची कांजी. पाववाले, तुमचं पीठ. आणि भाऊंच्या हाताला यातलं काहीच नसतं, म्हणून ते पापी!"

पत्रेवाल्याने डब्यांच्या उतरंडीतला सर्वांत मोठा डबा ओढला. "हा डबा मी केलाय. दोन तळांचा मागितला होता यांनी. मी म्हटलं, दोन तळ कशाला? तर म्हणाले, वरच्यात माती, खालच्यात मौन." त्याने अंगठ्याने तळ उचकटला. मौन बाहेर पडलं. पिळून चपट्या केलेल्या ट्यूब, पन्नासेक तरी. अर्ध्यांवर गल्लीतल्याच कारखान्यांच्या पेट्यांचे शिक्के होते. चेल्याला पिंपातून काय वेचायला पाठवलं जात असे, ते तेव्हा कळलं. चेला एव्हाना गर्दीत मिसळून दिसेनासा झाला होता.

बाबांनी शेवटचा डाव टाकला. "बरं, औषध तर औषध! लोक बरे झाले ना? मग मी वाईट काय केलं?"

बोलणं पटण्यासारखं होतं. काही माना हलल्याही. नेमकं हेच वहिनींना अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी नवऱ्याच्या खांद्याखाली हात घातला, त्याला पुढे आणलं आणि त्याची बाही वर केली. सुजून चकाकणारा हात, अंगठ्याच्या बुडाशी पिवळा पू, पेन्सिलची खूण, आणि खूण ओलांडून कोपराकडे निघालेली लाल रेघ.

"हे केलंत," त्या म्हणाल्या. "औषधात रस्त्यावरची माती कालवून खोल जखमेत कोंबलीत. आणि सांगितलंत, आता कशाची गरज नाही. ओरखडे काय, नुसते धुतले तरी बरे होतात. त्यांचं श्रेय घेतलंत. या हाताचं घ्या आता."

"पाच आठवडे मला पापी म्हणालात," पत्रेवाला मध्येच म्हणाला. "बायको माहेरी निघून गेली माझी. गल्ली म्हणते, ह्याच्यात काहीतरी खोट आहेच."

बाबांना यावर समाधी लागली नाही. ते चौरंगावरून उतरून चपला शोधू लागले. कुणी हात उगारला नाही. पाववाल्याने मात्र त्यांची वाट अडवली आणि पोलीस येईपर्यंत बसायला पुन्हा तोच चौरंग दिला.

बाइंडर हे काही पाहत नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता. "म्हणजे माझं विष... बाहेर आलंच नाही?"

"नाही आलं."

"आत आहे?"

"आत आहे, आणि वर चढतंय. चला."

"हात कापतील गं."

"अहो, मामंजी किती दिवसांनी गेले होते दवाखान्यात? नववा दिवस. सासूबाईंनीच सांगितलं होतं मला. त्यांची बोटं डॉक्टरांनी नाही नेली, त्या नऊ दिवसांनी नेली. आज चौथा आहे."

बाइंडर चालू लागला. पत्रेवाल्याने दुसऱ्या बाजूने धरलं.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि आधी सुई भरली. मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे जखम उघडली, मातीचे कण वेचून काढले, पू काढला, सात दिवस शिरेतून औषधं दिली. हात वाचला. अंगठा मात्र आता पुरता वळत नाही. बाइंडर पुस्तकं शिवतो, पण पूर्वी तासात होणाऱ्या कामाला दीड तास लागतो. चार दिवसांची ही भरपाई आयुष्यभर चालायची.

डॉक्टरीणबाई नंतर गल्लीत आल्या तेव्हा त्यांना हसावं की रागवावं कळेना. "अहो, जेल चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते खरचटलं, चिरलं, ओरखडा आला, एवढ्यासाठी. आधी हात धुवायचे, मग जखम वाहत्या पाण्याने स्वच्छ धुवायची, पातळ थर लावायचा, स्वच्छ पट्टी बांधायची. खोल जखम, न थांबणारं रक्त, सूज, ताप, लाल रेघ, यांतलं काहीही दिसलं की जेलही पुरेसं नाही, आणि मीही घरी येऊन उपयोग नाही. तुम्ही यायचं, त्याच दिवशी. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, ते विचारायचं. माती तर कधीच नाही. कुठल्याही ठिकाणची नाही आणि कुणाच्याही हातची नाही."

पाववाल्याने विचारलं, "पण बाई, आम्ही एवढे शंभर जण, आम्हाला कसं कळलं नाही? वहिनींनाच कसं कळलं?"

"मला कळलं नव्हतं," वहिनी घाईने म्हणाल्या. "मी फक्त बाबांशिवाय करून बघितलं."

यापलीकडे विज्ञानाची मोठी व्याख्या बहुधा नसावी. बाबांशिवाय करून बघणं. ज्याला निळं येतं त्याच्याकडेच न बघता, ज्याला येत नाही त्याच्याकडेही बघणं. त्याला विद्वत्ता लागत नाही. शंभर माणसं टाळ्या वाजवत असताना आपले हात थोडा वेळ खाली ठेवता यावे लागतात, आणि ते मात्र फार अवघड आहे. निळेबाबा गेले. अजून कुठल्या गल्लीत हिरवेबाबा येतील, पिवळेबाबा येतील. तुमच्या गल्लीत आले, तर भांडू नका, डोकं फोडू नका. एवढंच विचारा की, महाराज, हे कुणाला होत नाही, आणि का होत नाही? खरं जाणणारा माणूस थांबून विचार करील, कदाचित म्हणेल की मला ठाऊक नाही. आणि ज्याला प्रश्नाचा राग येईल, त्याच्या हातात आपलं करंगळीचं नखसुद्धा देऊ नका.